मैदान ठेकेदाराला देण्याआधी : महापालिका आयुक्तांना खुलं पत्र

प्रति,
मा. आयुक्त, महानगरपालिका,
तसेच स्थायी समितीचे सर्व सदस्य आणि क्रीडा विभागाचे अधिकारी

विषय : पाण्याच्या टाकीमागचं खेळाचं मैदान ठेकेदाराला चालवायला देण्याबाबत

महोदय,

सप्रेम नमस्कार.

टाकीमागच्या मैदानाच्या फाटकावर आपल्या विभागाने एक सूचना लावली आहे. या जागेवर ‘बहुउद्देशीय क्रीडा संकुल’ होणार, हिरवा सिंथेटिक टर्फ म्हणजे कृत्रिम गवत पडणार, जाळी लागणार, शेजारी उपाहारगृह येणार आणि हे सगळं पंधरा वर्षं एक खासगी ठेकेदार चालवणार, असं तीत लिहिलं आहे. काम सुरू झालं की मैदान बंद राहील, हेही खाली बारीक अक्षरात आहे. तिथे रोज संध्याकाळी खेळणाऱ्या मुलांचं काय, त्याबद्दल एक ओळही नाही.

ही सूचना वाचून मी गप्प बसले असते, तर मागच्या क्रीडा दिनाला आपण दिलेली शाल आधी परत करायला हवी होती. त्या कार्यक्रमात आपल्याच एका अधिकाऱ्यांनी भाषणात झोपडपट्टीतल्या मुलांना फुटबॉल शिकवणाऱ्या नागपूरच्या विजय बारसे सरांचं नाव घेतलं. त्यांच्यावरचा ‘झुंड’ हा सिनेमा आपण कुटुंबासह पाहिला, डोळ्यांत पाणी आलं, असं ते म्हणाले. ‘आपल्या शहरातही असे बारसे घडावेत’ या वाक्याला टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होते. त्यानंतर काही महिन्यांतच ही निविदा निघाली. म्हणून हे पत्र आपल्या टपालात टाकण्याऐवजी सगळ्यांना वाचता येईल असं लिहीत आहे.

आधी माझा या गोष्टीशी काय संबंध, ते सांगते. मी एका अनुदानित शाळेत क्रीडा शिक्षिका होते. मूळची नागपूरची, लग्नानंतर या शहरात आले. निवृत्त झाल्यावर टाकीमागच्या मैदानावर वस्तीतल्या मुलामुलींना फुटबॉल शिकवू लागले. संस्था वगैरे काही नाही. मी, माझे दोन जुने विद्यार्थी, चार-पाच चेंडू आणि शिट्टी. येणारी मुलं अकरा ते एकोणीस वयाची. त्यातली काही शाळेत जातात, काहींची नावं फक्त पटावर आहेत. कोणी भंगार वेगळं करतं, कोणी लग्नसराईत केटरिंगवाल्याकडे ताटं उचलायला जातं, कोणी गाड्या धुतं. मुली धुण्याभांड्याला जाणाऱ्या आईच्या मागे धाकट्यांना सांभाळतात आणि धाकट्याला कडेवर घेऊनच मैदानावर येतात.

आपल्या कागदांवर या मुलांना ‘जोखमीतील युवक’ म्हणतात. जोखीम म्हणजे नेमकं काय, ते मैदानाच्या पलीकडच्या गल्लीत एक चक्कर मारली तर कळेल. पंक्चरचं सोल्युशन रुमालावर ओतून हुंगणारी दहा-बारा वर्षांची पोरं तिथे बसलेली असतात. त्यांच्यापेक्षा थोडे मोठे गांजाच्या पुड्या पोचवतात. पुडीमागे मिळणारे पैसे आईच्या दिवसाच्या मजुरीपेक्षा जास्त असतात. मग कोणातरी ‘भाऊ’चा वाढदिवस येतो, भर चौकात तलवारीने केक कापला जातो, त्याची रील निघते आणि रीलमध्ये मागे उभा असलेला सोळा वर्षांचा मुलगाही दुसऱ्या दिवशी पोलिसांच्या गाडीत बसतो. हे मी कोणाला घाबरवायला सांगत नाही. संध्याकाळी पाच ते आठ या तीन तासांत मुलगा कुठे आहे, यावर त्याचं पुढचं बरंच काही ठरतं, एवढं मी इतक्या वर्षांत पाहिलं आहे. चौकात असलेला मुलगा कोणासोबत आहे, ते कोणाला सांगता येत नाही. मैदानावर असलेल्याचा ठावठिकाणा सगळ्या वस्तीला माहीत असतो.

आता बारसे सरांचं. त्यांचं नाव आपण घेतलं म्हणून त्यांच्या कामाची गोष्टही नीट समजून घ्यावी, अशी विनंती. सिनेमात ती दोन-तीन तासांत बसवावी लागते. प्रत्यक्षात ती वीस वर्षांहून जास्त काळ चाललेली आहे आणि तिच्यात महापालिकांना शिकण्यासारखं बरंच आहे.

विजय बारसे नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात क्रीडा शिक्षक होते. २००१ साली पावसात काही झोपडपट्टीतली पोट्टी तुटक्या बादलीला लाथा मारत खेळताना त्यांना दिसली. त्यांनी त्यांना चेंडू दिला. इथपर्यंतची गोष्ट सगळ्यांना पाठ असते. मला त्यापुढची महत्त्वाची वाटते. त्यांनी निवड चाचणी ठेवली नाही, की गुणवंत मुलं वेचून अकादमीत घातली नाहीत. त्यांनी झोपडपट्ट्यांच्या संघांची स्पर्धा भरवली. अट एकच, खेळाडू झोपडपट्टीतला हवा. बूट नसले तरी चालेल, गणवेश नसला तरी चालेल. पहिल्या मोठ्या स्पर्धेला शंभराहून जास्त संघ आले. त्याचं नावही त्यांनी सरळ ‘झोपडपट्टी फुटबॉल’ असंच ठेवलं. हे नाव खटकतं, बदला, असं सांगणारे तेव्हाही असणारच. मला त्या नावात आडपडदा नाही, म्हणून ते आवडतं.

क्रीडा विकास संस्था, नागपूर या नावाने नोंदणी झालेलं हे काम पुढे ‘स्लम सॉकर’ म्हणून जगाला माहीत झालं. सरांनी निवृत्तीनंतर हाती आलेले पैसे शहराबाहेर जमीन घेण्यात घातले. परदेशात असलेला त्यांचा मुलगा अभिजित परत येऊन या कामात उतरला. वस्तीतून आलेले खेळाडूच पुढे प्रशिक्षक झाले. मुलींसाठी वेगळे उपक्रम निघाले, कर्णबधिर मुलांसाठी निघाले. चेंडू खेळता खेळता आरोग्याच्या आणि गणिताच्या गोष्टी शिकवणारा ‘एज्युकिक’ हा अभ्यासक्रम तयार झाला. २०१६ साली या संस्थेला फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेचा डायव्हर्सिटी पुरस्कार मिळाला. आपल्याकडे एवढं सांगून भाषण संपतं.

पण आयुक्त साहेब, यातली एक गोष्ट भाषणात कधी येत नाही. एका क्रीडा शिक्षकाला जमीन स्वतःच्या निवृत्तीच्या पैशातून घ्यावी लागली. त्याचं आपण कौतुक करतो, आणि कौतुक करता करता असं गृहीत धरून बसतो की हा मार्गच आहे. कोणीतरी वेडा माणूस आयुष्याची पुंजी ओतेल, मुलं वाचतील, आणि आपण सत्कार करू. माझी पेन्शन किती, ते मला विचारा. तीत जमीन येत नाही. इतर शहरांतही प्रत्येक क्रीडा शिक्षकाकडून हीच अपेक्षा ठेवायची असेल तर मग महापालिकेच्या विकास आराखड्यात मैदानाचं आरक्षण ठेवायचंच कशाला?

‘स्लम सॉकर’ची मुलं ज्या ‘होमलेस वर्ल्ड कप’मध्ये खेळतात, त्याबद्दलही दोन शब्द, कारण माझ्या मागणीचा त्याच्याशी सरळ संबंध आहे. स्कॉटलंडचे मेल यंग आणि ऑस्ट्रियाचे हाराल्ड श्मिड यांनी ही स्पर्धा सुरू केली. पहिली स्पर्धा २००३ साली ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात झाली. घर नसलेले, रस्त्यावर वाढलेले, व्यसनातून बाहेर पडत असलेले खेळाडू तिच्यात देशाकडून खेळतात. नियम असा की एका खेळाडूला आयुष्यात एकदाच खेळता येतं. पुढच्या वर्षी तोच चांगला खेळाडू पुन्हा पाठवून चषक आणायचा नाही. दुसऱ्या कोणालातरी संधी द्यायची. २०१० च्या रिओ द जानेरोच्या स्पर्धेत भारताच्या संघाचं नेतृत्व करणारा अखिलेश पॉल हा नागपूरच्या वस्तीतला. आपण आधी कुठल्या वाटेला लागलो होतो, हे त्याने स्वतः टीव्हीवर सगळ्या देशासमोर सांगितलं आहे. पुढे तो प्रशिक्षक झाला.

आणि या जागतिक स्पर्धेचं मैदान केवढं असतं? २२ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद. दोन्ही बाजूंना चार-चार खेळाडू, सात-सात मिनिटांचे दोन भाग. म्हणजे ३५२ चौरस मीटर, सुमारे ३,८०० चौरस फूट. आपल्या शहरातल्या कुठल्याही बऱ्या मंगल कार्यालयाच्या पार्किंगला याहून जास्त जागा लागते. टाकीमागच्या मैदानात अशी दोन मैदानं आखून बाकी जागा क्रिकेटवाल्यांना, कबड्डीवाल्यांना आणि फिरायला येणाऱ्या आजोबांना उरेल. आम्ही स्टेडियम मागत नाही.

मुंबईतही असंच घडलं आहे. ‘मॅजिक बस’ ही आज देशभर पसरलेली संस्था १९९९ साली सुरू झाली, ती मैदानाच्या कडेला उभं राहून रग्बीचा सराव बघणाऱ्या फुटपाथवरच्या मुलांमुळे. मॅथ्यू स्पेसी हे स्वतः खेळाडू. त्यांनी त्या मुलांना आत घेतलं. कुलाब्याच्या आंबेडकर नगरात अशोक राठोड या तिथेच वाढलेल्या तरुणाने २००६ मध्ये सोबतची मुलं शाळा सोडून कामाला आणि व्यसनाला लागताना पाहून फुटबॉल सुरू केला. ‘शाळा नाही तर फुटबॉल नाही’ हा त्यांच्या ‘ऑस्कर फाउंडेशन’चा नियम. तिन्ही ठिकाणची माणसं वेगळी, पैसा वेगळा, पद्धत वेगळी. पण तिन्ही कामांच्या सुरुवातीला मुलांना चालत जाता येईल अशी एखादी मोकळी जागा होती. संस्था, निधी, पुरस्कार हे सगळं नंतर आलं. आपण ठेकेदाराला देऊ पाहताय ती नेमकी ही पहिली गोष्ट.

आता तक्रारी. एकेक मांडते.

पहिली तक्रार निर्णयाच्या पद्धतीबद्दल. ही जागा शहराच्या विकास आराखड्यात खेळाचं मैदान म्हणून आरक्षित आहे. आरक्षणात बदल करायचा असेल तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ प्रमाणे सूचना प्रसिद्ध करून लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात. ‘वापर क्रीडेचाच आहे, त्यामुळे बदल नाहीच’ असं उत्तर आपल्या कार्यालयात मला तोंडी मिळालं. ठीक आहे. मग उपाहारगृह, वाढदिवसांसाठी ‘पार्टी झोन’ आणि जाहिरातींचे फलक हे कुठल्या खेळात येतात, ते लेखी सांगा. वस्तीत एकही बैठक झाली नाही. प्रभागातल्या ज्या लोकांशी ‘चर्चा झाली’ असं टिपणीत लिहिलं आहे, ते लोक कोण, हे वस्तीत कोणालाच माहीत नाही.

दुसरी तक्रार पैशांची, आणि ही सगळ्यात मोठी. शहरातल्या खासगी टर्फचा संध्याकाळचा दर ताशी हजाराच्या वर आहे. ठेकेदार आमच्यासाठी वेगळा हिशेब का करेल? दहा मुलांनी वाटून घेतले तरी एका संध्याकाळी एकाला शंभर रुपये. भंगार वेगळं करणाऱ्या मुलाची ती दिवसभराची कमाई असू शकते, आणि ती त्याच्या खिशात राहत नाही, घरी जाते. शिवाय निविदेच्या अटींत नोंदणी, ओळखपत्र, अनामत आणि टर्फ शूज सक्तीचे आहेत. माझी निम्मी मुलं अनवाणी खेळतात. टर्फ खराब होईल म्हणून बूट हवेत हे मी समजू शकते. पण ज्या पृष्ठभागावर आपल्याच वस्तीतली मुलं पाय ठेवू शकत नाहीत, तो आपण तिथे का टाकतोय, हा प्रश्न आधी यायला हवा होता.

आपण सवलत ठेवली आहे, हे मान्य करते. ‘स्थानिक गरजू मुलांसाठी सकाळी ६ ते ७ विनामूल्य.’ हे ज्यांनी लिहिलं त्यांनी आमच्या वस्तीतली सकाळ पाहिलेली नाही. सहा ते सात नळाला पाणी येतं. पाण्याच्या रांगेत मोठी माणसं नसतात, ती कामावर निघालेली असतात. कळशी घेऊन हीच मुलं उभी असतात. पेपर टाकणारी पोरं त्या वेळी सायकलवर असतात. आणि केटरिंगच्या कामावरून रात्री दोनला आलेला मुलगा सहाला उठत नाही. सकाळी सहाचा तास द्यायला सोपा आहे, कारण त्या वेळी टर्फला गिऱ्हाईक नसतं. संध्याकाळचा तास महाग आहे, आणि मुलांना तोच हवा आहे.

तिसरं, मुलींबद्दल वेगळं लिहायला हवं. आमच्याकडे मुलींचा गट तयार व्हायला मुलांच्या गटापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागला. तो टिकला, कारण मैदान उघडं आहे आणि समोरच्या घरांतून दिसतं. एखादी आई भाकऱ्या थापता थापता दारातून नजर टाकते आणि पोरगी दिसते. एवढ्या भरवशावर ती पाठवते. उद्या तिथे हिरवी जाळी लागेल, फाटकावर अनोळखी माणूस बसेल, उपाहारगृहात बाहेरची मंडळी येतील, रात्रीचे सामने होतील. कोणी काही वाईट करेल असं मी म्हणत नाही. पण मुली यायच्या थांबतील, आणि त्या थांबल्या हे कुठल्याच अहवालात दिसणार नाही. मुलगा थांबला तर चौकात दिसतो. मुलगी थांबली तर घरात जाते, आणि पुढची बातमी कित्येकदा तिच्या लग्नाची असते.

चौथं, मैदानाची आजची अवस्था. ‘मैदान ओसाड आहे, देखभाल नाही, म्हणून खासगी सहभाग’ असं टिपणीत कारण दिलं आहे. ओसाड कोणी केलं? दिवाळीआधी फटाक्यांचे स्टॉल इथे लागतात, मग सेल आणि प्रदर्शनं, मग लग्नांचे मांडव, निवडणूक आली की सभा. प्रत्येक वेळी भाडं महापालिकेच्या तिजोरीत जातं आणि खड्डे, खिळे, काचा आमच्या वाट्याला येतात. मांडववाल्यांनी खड्डे बुजवून द्यायचे ही आपल्याच परवानगीपत्रातली अट आहे. ती पाळली गेली का, हे बघायला कोणी आल्याचं मी पाहिलेलं नाही. अनवाणी खेळणाऱ्या पोराच्या पायातला खिळा आम्ही काढतो आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनला दवाखान्यात नेतो. दिव्याच्या खांबावर दिवा नाही, मुलींसाठी स्वच्छतागृह नाही, पिण्याच्या पाण्याचा नळ नाही. हे आधी करून पाहिलं असतं आणि मग मैदान ओसाड राहिलं असतं, तर ठेक्याचं कारण मी ऐकून घेतलं असतं.

पाचवं. क्रीडा विभागात प्रत्येक भेटीत मला एकच सल्ला मिळतो : ‘मॅडम, संस्था काढा, सीएसआर आणा,’ म्हणजे कंपन्यांचा सामाजिक कामांसाठीचा निधी मिळवा. सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगला असेल. पण हे काम कसं चालतं ते पाहा. आधी न्यास किंवा संस्था नोंदवा, मग आयकर खात्याकडे करसवलतीसाठी १२ए, ८०जी, मग हा निधी घेता यावा म्हणून कंपनी मंत्रालयाकडे सीएसआर-१ ही नोंदणी. त्यानंतर दरवर्षी लेखापरीक्षण. एवढं करूनही कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत खेळाबद्दल जे लिहिलं आहे, ते ग्रामीण खेळ, राष्ट्रीय मान्यता असलेले खेळ, पॅरालिम्पिक आणि ऑलिम्पिक खेळ यांच्या प्रशिक्षणाबद्दल आहे. कंपनी विचारते, किती राष्ट्रीय खेळाडू घडवले? माझ्याकडे खेळणारा एक मुलगा यंदा सोल्युशनशिवाय राहिला आणि दहावीच्या फॉर्मवर त्याचं नाव लागलं, हे कुठल्या रकान्यात भरायचं? संस्था काढणं चांगलंच. कदाचित माझे विद्यार्थी पुढे काढतीलही. पण महापालिकेच्या मालकीची जागा महापालिकेच्या मुलांना मिळावी, यासाठी आधी कंपनीचा दरवाजा वाजवायला लावणं हे कर्तव्य दुसऱ्याच्या अंगावर ढकलणं झालं.

आता आपली बाजू. महापालिकेला उत्पन्न हवं आहे, हे मला कळतं. रस्ते, दिवे, पगार, सगळं त्यातूनच चालतं. मोकळ्या मैदानावर रात्री दारू पिणारे बसतात, हेही खरं. मुलांमध्ये भांडणं होतात. एकदा सामन्यातलं भांडण दोन गल्ल्यांपर्यंत गेलं आणि आम्हाला मोठ्या माणसांना बोलावून मिटवावं लागलं. फुटबॉल खेळला की पोरगं सुटतं असं मी कधीच म्हटलेलं नाही. माझ्याकडून गेलेली, पुन्हा न आलेली, तुरुंगात पोचलेली मुलं आहेत. पण ज्या मुलांनी खेळ सोडला नाही, त्यांची एक सवय मी पाहिली आहे. त्यांना नियम तोडल्यावर बाहेर बसावं लागतं आणि दुसऱ्या दिवशी परत घेतलं जातं, हे माहीत असतं. शाळा काढून टाकते तेव्हा परत घेत नाही. पोलिस ठाण्यात एकदा नाव लागलं की ते नाव प्रत्येक चोरीच्या वेळी निघतं. परत घेणारी त्यांची जागा एकच आहे आणि तिला आता फाटक लागतंय.

खेळणं ही चैन नाही, हे माझं मत म्हणून बाजूला ठेवू नका. भारताने १९९२ साली स्वीकारलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क कराराच्या ३१व्या कलमात मुलांचा खेळण्याचा हक्क लिहिलेला आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत शाळेला खेळाचं मैदान असलं पाहिजे असं आहे. आपल्याच महापालिकेच्या वस्तीतल्या शाळेला मैदान नाही. ती शाळा आजवर टाकीमागचंच मैदान ‘उपलब्ध’ म्हणून दाखवत आली आहे. ते गेलं तर शाळेच्या कागदावर काय लिहायचं, हे शिक्षण विभागाला विचारलं आहे का?

आमच्या मागण्या अशा :

टाकीमागच्या मैदानाच्या निविदेला स्थगिती द्या. ठराव, टिपणी, अंदाजपत्रक आणि ठेक्याचा मसुदा महापालिकेच्या संकेतस्थळावर मराठीत ठेवा.

निर्णयाआधी वस्तीत जाहीर सुनावणी घ्या. मुख्यालयात नको, मैदानावरच घ्या. अठरा वर्षांखालच्या मुलामुलींनाही बोलू द्या आणि ते जे बोलतील ते इतिवृत्तात येऊ द्या.

काही झालं तरी रोज दुपारी ४ ते रात्री ८ हा वेळ वस्तीतल्या मुलामुलींसाठी विनामूल्य आणि बुटांच्या अटीविना राखून ठेवा. त्यातले किमान दोन दिवस फक्त मुलींसाठी.

मातीचं मैदान मातीचंच राहू द्या. सपाट करा, पाणी मारा, दोन २२ बाय १६ मीटरची मैदानं आखून द्या, चार गोलपोस्ट द्या. दिवे, नळ आणि मुलींचं स्वच्छतागृह द्या. हा खर्च टर्फच्या खर्चाच्या जवळपासही जाणार नाही. आपल्याच अभियंत्यांकडून अंदाज काढून घ्या.

मांडव आणि प्रदर्शनांना परवानगी द्यायची असेल तर वर्षातले दिवस ठरवून जाहीर करा, त्याबाहेर देऊ नका, आणि अनामत खड्डे बुजल्यावरच परत करा.

महापालिकेच्या शाळांची मैदानं शाळा सुटल्यावर कुलूप लावून ठेवू नका. रखवालदाराचा एक अतिरिक्त तास हा एवढा मोठा प्रश्न नाही.

मैदानाची देखरेख समिती करा, तिच्यात खेळणाऱ्या मुलामुलींचे प्रतिनिधी घ्या. वस्तीतून तयार झालेल्या तरुण प्रशिक्षकांना मानधन द्या. माझे दोन विद्यार्थी हे काम फुकट करतात; एक दिवसा डिलिव्हरीच्या गाडीवर असतो, दुसरी शिवणकाम करते. मला मानधन नको. त्यांना हवं आहे, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

पुढच्या क्रीडा दिनाला कोणाचाही सत्कार केला नाही तरी चालेल. तो खर्च चेंडूंसाठी द्या.

या पत्राची प्रत आवक-जावक विभागात देऊन शिक्का घेतला आहे. माहिती अधिकाराचा अर्जही सोबत दिला आहे, त्याची मुदत तीस दिवसांची आहे. तोवर आम्ही शांतपणे खेळत राहू. काम सुरू करायला माणसं आली तर मुलं त्यांच्याशी वाद घालणार नाहीत, हे मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं आहे. मात्र आम्ही मैदानाबाहेर जाणार नाही. जेसीबी पाठवण्याआधी एखादा अधिकारी पाठवावा.

सुनावणीची तारीख आठ दिवस आधी कळवा. वेळ संध्याकाळी सातनंतरची ठेवावी, त्याआधी बहुतेक आया कामावरून परतत नाहीत. खुर्च्या लागल्या तर सांगा, समोरच्या समाजमंदिरातून आम्ही आणून ठेवू.

आपली,
टाकीमागच्या मैदानावरची एक निवृत्त क्रीडा शिक्षिका,
आणि तिथे खेळणारी मुलंमुली (त्यांच्या सह्या वेगळ्या कागदावर जोडल्या आहेत, ज्यांना सही येत नाही त्यांचे अंगठे आहेत)